डोळ्यात न मारायचा उजेड

लातूरच्या गंजगोलाईत बॅटरीवाले अजीजचाचा कुठं बसतात असं विचारलं, तर कुणीही हात करून दाखवी. पण दाखवताना जरा हसे. हसण्यासारखंच होतं ते. चाचांच्या त्या खोपटाएवढ्या दुकानात हातातल्या बॅटऱ्या, घड्याळाचे सेल, रिमोट, इमर्जन्सी दिवे असं सगळं मिळायचं, आणि पैसे टाकले की मिळायचं. लेसरचं पेन मात्र नुसत्या पैशानं मिळत नसे. त्याच्यासाठी आधी शपथ घ्यावी लागे.

पद्धत ठरलेली होती. चाचा पेन काउंटरवर आडवं ठेवायचे, गिऱ्हाइकाला त्यावर उजवा हात ठेवायला लावायचे आणि सांगायचे, "म्हणा माझ्यामागं. जित्या जिवाच्या डोळ्यात मारणार न्हाई. माणसाच्या न्हाई, जनावराच्या न्हाई, मस्करीत बी न्हाई." गिऱ्हाईक म्हणालं की पेन त्याचं. कुणी कुरकुर केलीच, तर चाचा पेन पुन्हा काचेखाली सरकवत आणि गोड आवाजात विचारत, "दुसरं काय देऊ?" ज्यांचे चेहरे घराएवढ्या फलकांवर झळकत, ज्यांच्या वर्गात जागा मिळावी म्हणून तालुक्यातालुक्यातून आईबाप येऊन रांगा लावत, असे क्लासचे बडे सरही त्या काउंटरवर हात ठेवून शाळकरी पोरासारखी शपथ म्हणत. शेजारचा चपलांचा दुकानदार हा सोहळा बघायला मुद्दाम बाहेर येई. धंदा करणाऱ्या माणसानं असं करावं का? अजिबात करू नये. पण चाचा करत, आणि करताना त्यांचा चेहरा असा गंभीर असे, की भांडायला आलेला माणूसही हात ठेवून मोकळा होई.

ही शपथ आली भूकंपातून. तेव्हा अजीज कुणाचा चाचा झालेला नव्हता. काळ्याभोर मिशीचा तगडा गडी होता आणि नुकतंच दुकान टाकून बसला होता. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे किल्लारीकडची गावंच्या गावं मातीत गेली, तेव्हा त्यानं दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बॅटऱ्या पोत्यात भरल्या आणि मिळेल त्या ट्रकवर चढून तो तिकडं गेला. दगडामातीच्या जाड भिंती बसल्या होत्या. त्यांच्या खालच्या पोकळ्यांत भर दिवसासुद्धा काही दिसत नसे. खणणाऱ्या जवानांना बॅटऱ्या पुरवत, सेल बदलून देत अजीज ढिगाऱ्यांवरून फिरत होता. एका ठिकाणी आतून आवाज आला म्हणून जवानांनी फट मोठी केली आणि अजीजनं वाकून आत बॅटरी मारली.

आत एक पोरगी होती. उजेड थेट तिच्या डोळ्यांवर गेला आणि ती अशी किंचाळली, की वरच्या सगळ्यांचे हात थांबले.

"डोळ्यांवर मारू नको! झाक, डोळे झाक तिचे!" जवान त्याच्यावर ओरडला.

इतका वेळ काळोखात राहिलेल्या डोळ्यांना एकदम उजेड सोसत नाही, हे अजीजला कुठून ठाऊक असणार? त्यानं बॅटरी विझवली. पोरीला वर काढल्यावर खांद्यावरचा रुमाल तिच्या डोळ्यांवर बांधला आणि तिला उचलून तो तंबूकडं चालू लागला. वाटेत ती सारखी एकच विचारत होती, "उजेड गेला का?" आणि भर दुपारच्या उन्हातून चालत अजीज तिला सांगत होता, "गेला बेटी, गेला."

त्या पोरीचं नाव रुद्राणी. तिच्या घरातली ती एकटीच उरली. निलंग्याचे तिचे मामा, सिद्धेश्वर, तिला घेऊन गेले आणि त्यांनी तिला स्वतःच्या लेकरांत वाढवलं. पण अजीजनंही तिचा पिच्छा सोडला नाही. ईद असो, दिवाळी असो, तो एसटीनं निलंग्याला जायचा आणि दर वेळी तिच्यासाठी नवी बॅटरी न्यायचा. त्याची बायको रईसा वैतागायची. "पोरीला खाऊ न्यावा, फ्रॉक न्यावा. बॅटऱ्या कसल्या नेऊन राहिलात?" पण रुद्राणी त्या उशाला घेऊनच झोपायची, आणि जरा मोठी झाल्यावर त्या उघडून बघायला लागली.

"चाचा, उजेड कुठनं येतो?"

"सेलमधनं."

"सेलमधी कुठनं येतो?"

इथं अजीजचं ज्ञान संपायचं. मग तो तिला बसस्टँडवर भेळ खायला न्यायचा.

पोरीनं तो प्रश्न काही सोडला नाही. ती लातूरला शिकली, औरंगाबादेला जाऊन फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली आणि लातुरातल्याच एका क्लासमध्ये शिकवायला लागली. तोवर लातूर पार बदललं होतं. जिथं मोसंबीची झाडं होती तिथं वसतिगृहं झाली, गल्लीगल्लीत मेस निघाल्या, आणि डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली धर्माबादपासून हदगावपर्यंतची पोरं पाठीवर दप्तरं टाकून पहाटेपासून सायकली हाणायला लागली. वर्ग एवढे मोठे झाले, की सरांची छडी भिंतभर पडद्याच्या टोकापर्यंत पोचेना. तिथूनच चाचांच्या दुकानात लेसरची पेनं आली, आणि पेनांबरोबर शपथ.

पोरंही पेनं घ्यायची, मस्तीसाठी. हदगावचा सत्यम हा त्यातलाच एक. अकरावीतलं पोरगं, पहिल्यांदाच गाव सोडून आलेलं. त्यानं कुठल्याशा दुसऱ्या दुकानातून पेन घेतलं आणि गंजगोलाईत गाडीला जुंपलेल्या एका बैलाच्या डोळ्यांवर त्याचा लाल ठिपका नाचवायला लागला. बैल बुजला, मान झटकायला लागला. चाचा दुकानातून उठून आले, त्यांनी सत्यमचा कान धरला आणि त्याला बैलासमोर नेलं.

"शेतकऱ्याचा ना तू? तुज्या घरी बैल हायती ना?"

"हायती."

"ठेव हात ह्याच्या कपाळावर. आन् म्हण."

सत्यमनं बैलाच्या कपाळावर हात ठेवून सगळी शपथ म्हटली. भोवती जमलेली पोरं खिदळत होती आणि सत्यमचे कान लाल झाले होते. चाचांनी त्याला पेन परत दिलं, वर एक सेलही दिला. तो दिवस आणि तो कान सत्यम कधी विसरला नाही.

रुद्राणी क्लासमध्ये रुजू झाली तेव्हा सगळ्या सरांचे रंग वाटून झालेले होते. फिजिक्सचे सर लाल, केमिस्ट्रीचे हिरवा, बायोलॉजीच्या मॅडम जांभळा. पोरं सरांना नावानं नाही, रंगानं ओळखायची. रुद्राणी दुकानात आली आणि काउंटरवर टेकून म्हणाली, "चाचा, मला पिवळा द्या."

"पिवळाच का?"

"उजेडाचा धडा मी शिकवणार. सोडियमचा दिवा पिवळा असतो, पुस्तकातली सगळी गणितं त्याच पिवळ्याची असतात. आणि दुसऱ्या कुणाकडं नाहीये."

शेवटचं कारण खरं होतं, हे चाचांनी ओळखलं आणि ते गालात हसले. "येईल," ते म्हणाले.

चाचा 'नाही' म्हणत नसत, 'येईल' म्हणत. आणि बाकीच्या वस्तू येतही. पिवळा काही येईना. हैदराबादच्या व्यापाऱ्याला त्यांनी तीन-चारदा फोन केला तेव्हा एक पार्सल आलं. आत झेंडूसारखं पिवळंधमक पेन. चाचांनी बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर हिरवा ठिपका उमटला. व्यापाऱ्यानं पेन पिवळं पाठवलं होतं, उजेड नाही. चाचांनी त्याला फोनवर जे सुनावलं ते दखनीत होतं आणि इथं लिहिण्यासारखं नाही.

मग त्यांनी स्वतःच हात घातला. लग्नाच्या लायटिंगवाल्याकडून पिवळा जिलेटिन कागद आणला, लाल पेनाच्या तोंडावर ताणून बांधला. ठिपका लालच, फक्त थोडा मंद. दुपदरी केला तरी लालच. एवढ्या कागदात एखादी नवरी पिवळी दिसली असती, पण लेसर ढिम्म. शेवटी चाचांना एक युक्ती सुचली. मंडपात लाल दिवा आणि हिरवा दिवा एकमेकांवर पडले की मधे पिवळसर पट्टा येतो, हे त्यांनी कैक लग्नांत पाहिलं होतं. त्यांनी एक लाल पेन आणि एक हिरवं पेन एका लाकडी पट्टीवर रबरानं बांधलं, मधे कागदाच्या घड्या घालून दोन्हींची तोंडं किंचित आत वळवली आणि दोन ठिपके एकावर एक येईपर्यंत ते मान मोडून खेळत बसले. आले! भिंतीवर पिवळा ठिपका उमटला. चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले.

दुकान उघडं टाकून ते तडक क्लासवर गेले. रुद्राणीचा तास नुकताच सुरू होत होता. तिनं ते अवजड जोडपेन हातात घेतलं आणि पडद्यावर धरलं. पिवळा ठिपका पडला, आणि तीनशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. दारात उभ्या चाचांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी होतं. रुद्राणी बोलत बोलत पडद्याकडं दोन पावलं पुढं सरकली, आणि ठिपका दोन झाला. एक लाल, एक हिरवा. वर्गात हशा उठला.

"मॅडम, पिवळा फुटला!" मागून कुणीतरी ओरडलं.

रुद्राणीही हसली. पण तिनं जोडपेन टाकून दिलं नाही. खडूनं जमिनीवर एक खूण केली, त्या खुणेवर उभी राहिली आणि तो अख्खा तास तिनं तिथूनच शिकवला. चाचा मात्र परत येताना खट्टू झाले होते. संध्याकाळी ती दुकानावर चहाला आली तेव्हा त्यांनी विषय काढला.

"बेटी, खरं खरं सांग. लाल मिळतो, हिरवा मिळतो, जांभळा मिळतो. पिवळ्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?"

"लाल सोपा आहे चाचा. आत दाण्याएवढी चिप असते, वीज दिली की ती सरळ लाल उजेड देते. जांभळ्याचंही तसंच. डिस्क वाजवायच्या मशिनींसाठी तसल्या चिपा ढिगानं बनल्या, म्हणून स्वस्त झाल्या. पिवळा उजेड सरळ देणारी तशी चिप अजून कुणाला नीट जमलेलीच नाही."

"हिरवा जमला की."

"तुमच्या पेनातला हिरवासुद्धा सरळ येत नाही. आत एक न दिसणारा उजेड तयार होतो. तापल्या तव्याची धग कशी, दिसत नाही पण असते. तो एका स्फटिकातून काढला की त्याचा हिरवा होतो."

"मग पिवळ्याला बी तसंच करावं."

"करतात ना. पण पिवळ्यासाठी तसले दोन वेगवेगळे उजेड लागतात. दोघं एकाच वेळी, एकाच जागी, बरोबरीनं चालायला लागतात, तेव्हा स्फटिक त्यांचा मिळून एक पिवळा करतो. एक बैल झपझप चालणारा आणि दुसरा रेंगाळणारा, असे एका जुवाला जुंपले तर?"

"नांगराचं तास वाकडं जातंय."

"तेच होतं. पेन हातात जरा तापलं की एक मागं राहतो आणि पिवळा विझतो. घातलेली बहुतेक वीज तापण्यातच जाते. म्हणून त्याला गार ठेवायला, एका तापमानाला धरून ठेवायला सामान लागतं, ते पेनात मावत नाही. कुणी मोठ्या मेहनतीनं बसवलंच, तर त्या पैशात मोटारसायकल येईल. घेणारे नाहीत, म्हणून बनवणारे नाहीत. नारिंगीचंही तसंच आहे."

"आन् माझा फुटला कामून?"

"तो पिवळा नव्हताच चाचा. लाल आणि हिरवा एकत्र बघून आपल्या डोळ्यानं त्याला पिवळा म्हटलं. खरा पिवळा एकच असतो. कुठूनही मारा, फुटत नाही."

चाचांनी बशीतला चहा संपवला. "म्हंजे पिवळा हाय," ते म्हणाले, "पर हातात मावत न्हाई."

"हाव," रुद्राणी त्यांच्यासारखाच होकार देत म्हणाली.

तरी पुढं कित्येक वर्षं ती दुकानात आली की विचारी, "आला का माझा पिवळा?" आणि चाचा म्हणत, "येईल." दोघांनाही ठाऊक होतं येणार नाही म्हणून. पण विचारायचं आणि सांगायचं, हे काही थांबलं नाही.

मग चाचांना शुगर झाली. शुगर काय, लातुरात निम्म्या जणांना आहे, म्हणून त्यांनी ती मनावर घेतली नाही. दुकानाची नवी पाटी रंगवून झाली तेव्हा त्यांनी पेंटरशी कडाडून भांडण केलं. अक्षरं वाकडी काढली म्हणून. पेंटरनं दोरी लावून दाखवली, शेजारचा चपलावाला बघून गेला, सगळे म्हणाले सरळ आहेत. चाचांना वाकडीच दिसत होती. पुढं पुढं समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी डाग दिसायला लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आवाजावरून गिऱ्हाईक ओळखायचे, बोटांनी चाचपून सेल बसवायचे. एके दिवशी रईसानं त्यांना एकच सेल चारदा उलटा घालताना पाहिलं आणि त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, "आतल्या पडद्याला सूज आहे, बारीक शिरा झिरपायला लागल्यात. लेसर करून घ्या. थांबलात तर आहे ती नजरही जाईल."

"लेसर? कुठं मारायचा?"

"डोळ्यात."

चाचा उठले आणि चालू लागले. चपलासुद्धा तिथंच राहिल्या, त्या रईसानं हातात घेऊन आणल्या.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की मरेन पण डोळ्यात लेसर मारून घेणार नाही. "आख्ख्या लातूरला मी शपथ घालून राहिलो. आन् माझ्याच डोळ्यात? उद्या कोणत्या तोंडानं शपथ घालू?"

"डोळे गेल्यावर गिऱ्हाइकाचं तोंड तरी दिसंल का?" रईसा म्हणाली.

यावर चाचा रुसून बसले. खरं सांगायचं तर नुसती शब्दाची गोष्ट नव्हती. चाचांना भीती वाटत होती. त्या फटीतून आलेली किंकाळी त्यांच्या कानातून कधी गेली नव्हती. उजेड डोळ्यात गेला की काय होतं हे त्यांनी एकदा बघितलं होतं, आणि पुन्हा कुणाच्या डोळ्यात तो जाऊ नये म्हणून त्यांनी जन्मभर लोकांचा वैताग सोसला होता. आता तोच उजेड आपल्या डोळ्यात घ्यायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

रुद्राणीनं समजावून पाहिलं. दवाखान्यातला लेसर मोजून मारतात, एवढ्याशा जागेवर, एवढासा वेळ मारतात, सगळं सांगितलं. चाचा ऐकून घेत आणि मान हलवत. तीनशे पोरांना ज्या गोष्टी एका तासात समजत, त्या या एका माणसाच्या गळी उतरेनात. घरी जाताना तिला रडू यायचं. आपल्याला ज्यानं उजेडात आणलं तो डोळ्यांदेखत अंधारात चाललाय आणि आपलं सगळं फिजिक्स काही कामाचं नाही, असं तिला वाटायचं.

नांदेडच्या एका दवाखान्यात हदगावचा सत्यम आता डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर होता, हे तिला जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलं. तिनं फोन केला. फोन ठेवून ती सरळ दुकानात आली.

"चाचा, माझा पिवळा आला."

चाचांनी मान वर केली.

"नांदेडला आहे. सत्यमकडं. डोळ्यांचं मशीन आहे, त्याचा लेसर पिवळा आहे. पेनात मावत नाही ना, म्हणून टेबलाएवढ्या खोक्यात बसवलाय."

त्यांनी हातातला सेल खाली ठेवला. "बघता येईल?" त्यांनी विचारलं.

"बघायला तर चला."

"फकस्त बघायचा. मारून घ्यायचा न्हाई."

"फकस्त बघायचा," रुद्राणी म्हणाली.

तिघं एसटीनं नांदेडला गेली. रईसानं डबा घेतला होता आणि वाटभर ती एका शब्दानं बोलली नाही, उगाच बोलून बिघडायला नको म्हणून. दवाखान्यात नर्सनं तपासणीसाठी डोळ्यात थेंब टाकले तेव्हा चाचांनी संशयानं विचारलं, "हे बघण्यापुरतं ना?" मग सत्यम आला. दाढी राखलेला, चष्मा लावलेला, चांगला उंच माणूस. तो आला तोच वाकून चाचांच्या पाया पडला आणि स्वतःचा कान पुढं करून म्हणाला, "ओळखलंत का? बैलवाला."

चाचांना चेहऱ्याच्या जागी डागच दिसत होता, पण कान त्यांनी बरोबर धरला. "हदगावचा!"

सत्यमनं त्यांना मशीन दाखवलं. चाचांनी खोक्यावर हात फिरवला, मागची जाड वायर चाचपली, आत पंखा घुमत होता त्याला कान लावला. "गार ठेवायचं सामान," ते रुद्राणीकडं वळून म्हणाले. ती "हाव" म्हणाली. एवढा वेळ ते दुकानदाराच्या खुशीत होते. मग सत्यमनं समोरचं स्टूल पुढं ओढलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा बंद झाला.

"मी बघायला आलतो. बघितलं."

"चाचा, बसू नका. पण एक ऐकून जा." सत्यम त्यांच्यासमोर उभा राहिला. "मी बैलाच्या कपाळावर हात ठेवून शपथ घेतलेली आहे. जित्या जिवाच्या डोळ्यात मारणार न्हाई. आणि माझं काम बघा कसलं. रोज मशीन चालू करायच्या आधी मी मनात तुमची परवानगी मागतो. मनातल्या मनात तुम्ही 'सुटली' म्हणता, मग मी हात लावतो."

"म्हंजे मला न विचारता तू रोज सोडवून घेऊन राहिलास?"

"रोज. आजवर चाललं. पण आज माणूस समोर आहे. तुमच्या डोळ्यांना मी मनात विचारून कसा हात लावू? तुम्ही तोंडानं सोडवा, नाहीतर मी मारणार नाही. शपथ तुम्हीच घातलीय."

चाचा उभेच राहिले. ही शपथ त्यांनी शेकडो लोकांना घातली होती, पण ती परत मागायला कधी कुणी आलं नव्हतं. ती कुणी इतकी वर्षं सांभाळत असेल, हेही त्यांना माहीत नव्हतं. ज्या पोराचा कान धरला ते पोरगं रोज सकाळी आपली आठवण काढून लोकांचे डोळे वाचवतंय, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. त्यांनी चाचपडत हात पुढं केला. रुद्राणीनं तो धरला.

"बेटी, तवा तू लई जोरात वरडली होतीस," ते हळूच म्हणाले.

"हाव चाचा. पण त्याच बॅटरीनं मी सापडले ना."

चाचा सत्यमकडं वळले. "सुटली," ते म्हणाले. मग सत्यमला नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "शपथ सुटली. मार."

दोघी बायकांना बाहेर बसवलं. चाचांनी हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. सत्यमनं डोळ्यावर काच धरली. "हलायचं नाही चाचा." खट्. खट्. खट्. चाचांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती आणि ओठ पुटपुटत होते. त्यांना वाटलं होतं तसली किंकाळी काही त्यांच्या तोंडून निघाली नाही. थोड्याच वेळात सत्यम म्हणाला, "झालं."

"झालं? एवढंच?"

"एवढंच. दिसत होतं तेवढं टिकावं म्हणून आहे हे. थोडं सुधारेलही. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात."

चाचा उठले आणि दारापाशी जाऊन परत फिरले. "इकडं ये. ठेव हात मशीनवर."

"आता कशाला?"

"परत बांधायची. सोडलेली शपथ मोकळी ठिवायची न्हाई. पुढच्या महिन्यात परत सोडवू."

डॉक्टरसाहेबांनी मशीनवर हात ठेवला आणि नर्ससमोर सगळी शपथ म्हटली. जनावराच्या न्हाई, मस्करीत बी न्हाई, सगळी.

बाहेर नांदेडचं दुपारचं ऊन रणरणत होतं. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यात तो झळाळ घुसला आणि चाचा पायरीवरच थबकले. दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा त्यांनी आपल्याला शोभत नाही म्हणून आधीच रईसाच्या पिशवीत टाकला होता. "त्या पिवळ्यानंतर समदं निळं निळं दिसून राहिलंय," ते डोळे मिटून म्हणाले, "आन् ऊन तर सोसंना."

रुद्राणीनं त्यांच्या खांद्यावरचा रुमाल काढला. त्याची घडी केली आणि मागं जाऊन त्यांच्या डोळ्यांवर बांधली, घट्टही नाही, सैलही नाही. चाचांनी वर हात नेऊन तिच्या हातांवर ठेवला. रईसा तोंड फिरवून पिशवीत काहीतरी शोधत राहिली, काळा चष्मा वरच पडला होता तरी.

"उजेड गेला, चाचा," रुद्राणी म्हणाली.

"गेला बेटी." रुमालाखाली त्यांचा चेहरा हसायला लागला. तिचा हात धरून ते बसस्टँडच्या दिशेनं एकेक पाऊल टाकू लागले.

"कसा होता माझा पिवळा?" तिनं विचारलं.

"एकच होता," चाचा म्हणाले. "फुटला न्हाई."